न दिसणाऱ्या पुटकुळीवरचे औषध

मुरूम, तारुण्यपीटिका किंवा नुसत्याच 'पुटकुळ्या' या नावांनी घरोघरी ओळखला जाणारा त्वचाविकार हा वयाचा धर्म आहे आणि वयाबरोबर तो आपोआप ओसरेल, ही समजूत जितकी जुनी, तितकीच त्यावर काहीतरी चोपडून पाहण्याची सवयही जुनी आहे; या दोहोंच्या मधल्या जागेत आज मलमे, जेल, सीरम आणि फेसवॉश यांची प्रचंड बाजारपेठ उभी राहिली आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय त्या बाजारपेठेतील एका नेमक्या प्रश्नापुरता मर्यादित आहे: त्वचेवर बाहेरून लावायच्या औषधांत प्रत्यक्ष काम करणारे द्रव्य, म्हणजेच कार्यकारी घटक, कोणत्या कसोट्यांवर निवडावे. ट्यूबमधील उरलेला भाग, म्हणजे पाणी, घट्टपणा आणणारे पदार्थ, परिरक्षके आणि सुगंध, हे त्या घटकाला त्वचेपर्यंत पोचवणारे वाहन असते. जाहिरातीत बोलबाला बहुधा वाहनाचा होतो, आणि घटकाचे नाव व त्याची टक्केवारी वेष्टनाच्या मागच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते, की ती वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. ते कष्ट घ्यावेत, आणि घेतल्यावर जे वाचले त्याचा अर्थ लागावा, एवढ्यासाठी ही सारी मांडणी आहे.

निवडीचा विचार करण्यापूर्वी विकाराची जडणघडण पाहणे भाग आहे. चेहरा, छाती आणि पाठ या भागांत प्रत्येक रोमकूप, म्हणजे केस ज्या सूक्ष्म नळीतून वर येतो ती नळी, एका स्निग्धग्रंथीशी जोडलेला असतो. ही ग्रंथी 'सीबम' नावाचा तेलकट स्राव तयार करते; वयात येताना अँड्रोजेन गटातील संप्रेरके वाढतात, तशी ग्रंथी मोठी होते आणि स्रावही वाढतो. त्याच सुमारास नळीच्या अस्तरातील मृत पेशी, ज्या एरवी सुट्या होऊन स्रावाबरोबर बाहेर पडतात, त्या एकमेकींना चिकटून राहू लागतात आणि नळीच्या तोंडाशी तेल व पेशी यांचा बोळा बसतो. या बोळ्याला कॉमेडोन म्हणतात. तोंड बंद असेल तर तो पांढरट टिपक्यासारखा दिसतो आणि त्याला व्हाइटहेड म्हणतात. तोंड उघडे असेल तर तो काळा दिसतो आणि ब्लॅकहेड या नावाने ओळखला जातो. हा काळेपणा मळाचा नसतो, तो मुख्यतः मेलॅनिन या त्वचेच्याच रंगद्रव्यामुळे येतो, आणि म्हणूनच साबणाने कितीही घासले तरी तो निघत नाही, उलट घासण्याने त्वचा तेवढी सोलवटते. बोळ्यामागे तुंबलेल्या तेलात प्राणवायूविना वाढणारा एक जीवाणू फोफावतो. त्याला दीर्घकाळ प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणत असत आणि २०१६ पासून क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणतात. त्याच्या अस्तित्वाने शरीराची प्रतिकारयंत्रणा चाळवते, दाह सुरू होतो आणि लाल, ठणकणारी, पुढे पू धरणारी पुटकुळी वर येते. तेल, बोळा, जीवाणू आणि दाह या चार कड्यांपैकी कोणती कडी तोडायची, हाच प्रत्येक औषधापुढचा प्रश्न असतो.

या विकाराचे निरीक्षण आपल्याकडे फार पूर्वीपासून झालेले आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये मुखदूषिका या नावाने त्याचे वर्णन येते आणि तरुणांच्या मुखावरील या पिटिकांना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिलेली आहे. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावरचा काटा ज्याने जवळून पाहिला असेल, त्याला या उपमेतील अचूकता पटेल: रुंद बूड, शंकूसारखा उंचवटा, वर निमुळते टोक, आणि मुख्य म्हणजे काटा वरून चिकटवल्यासारखा न दिसता सालीच्या आतूनच उगवल्यासारखा दिसतो.

ही आतून उगवण्याची क्रिया या सर्व विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या पुटकुळीच्या कित्येक आठवडे आधी, केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल इतका लहान बोळा रोमकूपात तयार झालेला असतो. त्याला सूक्ष्म कॉमेडोन म्हणतात, आणि मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर वरवर नितळ दिसणाऱ्या जागेतही असे बोळे असतात. याचा अर्थ असा, की आज आरशात दिसणारी पुटकुळी ही खरे तर दोन महिन्यांपूर्वीची घटना आहे आणि दोन महिन्यांनंतर येणाऱ्या पुटकुळीची तयारी आजच चालू आहे. दिसणाऱ्या पुटकुळीवर बोटाने ठिपका लावून आठवडाभरात गुण शोधणारा माणूस म्हणूनच चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी औषध लावत असतो. जे द्रव्य न दिसणाऱ्या पुटकुळीवर काम करते आणि महिनोन्‌महिने लावले तरी त्वचेला सोसते, तेच प्रभावी, अशी व्याख्या येथे गृहीत धरली आहे. पुढील प्रत्येक घटक याच दोन कसोट्यांवर पाहावयाचा आहे.

पहिल्या कसोटीला सर्वांत चांगले उतरणारे कुटुंब रेटिनॉइडांचे आहे. रेटिनॉइड म्हणजे अ जीवनसत्त्व आणि त्याच्याशी नाते सांगणारी, त्याच प्रकारे काम करणारी द्रव्ये. त्यांतील मूळ पुरुष ट्रेटिनॉइन, म्हणजेच अ जीवनसत्त्वाचे आम्लरूप. ते पेशीच्या केंद्रकातील विशिष्ट ग्राहकांना जाऊन चिकटते, काही जनुकांचे काम कमी-अधिक करते आणि परिणामी रोमकूपाच्या अस्तरातील पेशी पुन्हा सुट्या होऊन गळू लागतात. बसलेला बोळा सैल होतो आणि नवा बोळा बसण्याची क्रिया थंडावते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी मुरमांवरील या द्रव्याच्या उपयोगाचा निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. तोवर मुरमांवरचे उपाय म्हणजे गंधक, रिसॉर्सिनॉल यांसारखी साल काढणारी द्रव्ये होती. बोळ्याच्या मुळाशी जाणारे औषध प्रथमच हाती आले होते.

या शोधाच्या इतिहासातील एक पान वाचल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. क्लिगमन यांनी १९५१ पासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर असंख्य द्रव्यांच्या चाचण्या केल्या; त्या कैद्यांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, थोड्या डॉलरांच्या मोबदल्यात ते तयार होत आणि आपल्या कातडीवर काय लावले जात आहे याची पुरेशी माहिती त्यांना दिली जात नसे. त्वचाविज्ञानाला तेथून जे ज्ञान मिळाले त्याचा लाभ आज जगभरातील लाखो मुले-मुली घेत आहेत, आणि ज्यांच्या पाठीवर ते ज्ञान तपासले गेले त्यांना न्याय मिळाला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक संस्थेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये या प्रयोगांबद्दल जाहीर माफी मागितली, तेव्हा त्यांतील कित्येक जण हयातही नव्हते. औषधाच्या गुणाची चर्चा करताना ही किंमत नोंदवणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

ट्रेटिनॉइनचे दोष त्याच्या गुणांइतकेच ठळक आहेत. सुरुवातीच्या आठवड्यांत त्वचा लाल होते, कोरडी पडते, नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत सालपटे निघतात. शिवाय ते उजेडात विघटन पावते, म्हणून रात्रीच लावावे लागते. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ॲडापेलीन हे या बाबतीत मोठे पाऊल ठरले. ते ट्रेटिनॉइनपेक्षा कमी चुरचुरते, उजेडात टिकते आणि पुढे ज्याची चर्चा येणार आहे त्या बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर मिसळले तरी नासत नाही. त्याच्या ०.१ टक्का जेलला २०१६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. मुरमांवरच्या अशा खुल्या विक्रीच्या औषधांत नव्या प्रकारचे द्रव्य येण्याची १९८० च्या दशकानंतरची ती पहिलीच वेळ होती. टॅझॅरोटीन आणि २०१९ मध्ये आलेले ट्रायफॅरोटीन ही याच कुटुंबातील अन्य नावे होत. सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवर झळकणारे रेटिनॉल मात्र यांच्या पंक्तीला बसवता येत नाही, कारण त्वचेत गेल्यावर त्याचे आधी रेटिनाल्डिहाइडमध्ये आणि मग आम्लात रूपांतर व्हावे लागते, या दोन पायऱ्यांत त्याचा जोर पुष्कळ कमी होतो, आणि मुरमांवरील त्याच्या उपयोगाचा पुरावा तुटपुंजा आहे. गरोदरपणात आणि गर्भधारणेचा विचार चालू असताना रेटिनॉइड लावू नयेत, हा नियम मात्र सौम्य-तीव्र असा भेद न करता सर्वांना लागू धरलेला बरा.

बेन्झॉइल पेरॉक्साइड हे दुसरे खणखणीत द्रव्य. पिठाला पांढरेपणा आणण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे हे रसायन त्वचेत शिरल्यावर बेन्झॉइक आम्लात मोडते आणि मोडताना मुक्त होणारे प्राणवायूचे क्रियाशील कण जीवाणूला थेट मारतात. प्रतिजैविके जीवाणूच्या एखाद्या विशिष्ट यंत्रणेवर नेम धरतात आणि जीवाणू ती यंत्रणा बदलून निसटतो. येथे मारा सरसकट असल्यामुळे या द्रव्याला दाद न देणारा मुरमांचा जीवाणू इतक्या दशकांच्या वापरानंतरही उद्भवलेला नाही. ही गोष्ट लहान नव्हे. बाजारात ते २.५, ५ आणि १० टक्के अशा प्रमाणांत मिळते, आणि दहा टक्क्यांची ट्यूब अधिक गुणकारी असणार हा तर्क मनाला सहज पटतो; परंतु १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दाहयुक्त पुटकुळ्या कमी करण्यात २.५ टक्के जेल हे ५ आणि १० टक्क्यांच्या जेलच्या बरोबरीचे ठरले, आणि आग व सालपटे मात्र १० टक्क्यांच्या जेलपेक्षा कमी आढळली. टक्केवारी वाढली म्हणजे गुण वाढतोच असे नाही, त्रास मात्र नक्की वाढतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

या द्रव्याच्या वापरात दोन व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. रंगीत उशीचे अभ्रे, टॉवेल आणि शर्टाच्या कॉलरी यांवर त्याचे फिकट पांढरे डाग पडतात आणि ते धुण्याने जात नाहीत, म्हणून हे औषध लावणाऱ्याने पांढरा अभ्रा आणि पांढरा टॉवेल वापरावा. दुसरी गोष्ट साठवणीची: उष्णतेने हे रसायन मोडून त्यातून बेन्झीन हा कर्करोगकारक पदार्थ तयार होऊ शकतो, असा प्रश्न २०२४ मध्ये अमेरिकेत उपस्थित झाला. तेथील प्रशासनाने ९५ उत्पादने तपासून २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेन्झीन आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले, आणि मोजकी उत्पादने बाजारातून परत घेण्यात आली. घाबरून औषध टाकून देण्याचे कारण त्यात नाही. परंतु मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या दुचाकीच्या डिकीत ही ट्यूब ठेवू नये, आणि मुदत संपलेली वापरू नये, हे विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा भोगणाऱ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे.

प्रतिजैविकांचा विचार याच संदर्भात येतो. क्लिंडामायसिनचे १ टक्का जेल औषधदुकानांत मुबलक मिळते, ते चुरचुरत नाही, लावल्यावर काही आठवड्यांत लाली उतरते, आणि म्हणूनच ते लोकप्रिय आहे. परंतु एकट्याने लावलेले प्रतिजैविक हे जीवाणूला सवयीचा धडा देते. तो दाद देईनासा होतो आणि त्याच्या शेजारी त्वचेवर राहणारे इतर जीवाणूही तोच धडा गिरवतात, ज्यांच्यामुळे उद्या साध्या जखमेवरचे औषधसुद्धा निरुपयोगी ठरू शकते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या ॲकॅडमीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रेटिनॉइड, बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि बाह्य प्रतिजैविके या तिन्हींची जोरदार शिफारस आहे, पण प्रतिजैविक एकटे वापरू नये अशी अट तिला जोडलेली आहे. निरनिराळ्या कड्यांवर काम करणारी द्रव्ये एकत्र योजावीत, हा त्यांतील मुख्य उपदेश. क्लिंडामायसिन लावायचेच असेल तर ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने आणि ठरावीक मुदतीपुरते लावावे. ज्या ट्यूबवर केवळ प्रतिजैविकाचे नाव आहे, ती वर्षानुवर्षे आपल्या मनाने आणत राहणे हे स्वतःचे आणि समाजाचेही नुकसान आहे.

आपल्याकडच्या सावळ्या आणि गव्हाळ त्वचेचा प्रश्न मात्र पुटकुळी गेल्यावर संपत नाही, बहुतेकांच्या बाबतीत तो तेथे सुरू होतो. दाह शमताना रंगपेशी चाळवतात, जादा मेलॅनिन तयार होते आणि पुटकुळीच्या जागी तपकिरी-काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. गोऱ्या त्वचेवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलताना ही गोष्ट विसरली जाते: आपल्या त्वचेवर औषधाने केलेली आगसुद्धा डागच मागे ठेवते. झोंबते म्हणजे काम करते, ही समजूत येथे केवळ चुकीची नाही, ती अपायकारक आहे. त्यामुळे दुसरी कसोटी, सोसण्याची, आपल्याकडे पहिलीइतकीच वजनदार ठरते.

या कसोटीवर ॲझेलाइक आम्लाला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही, असे स्पष्टपणे म्हणता येईल. त्याची कथाही सुरस आहे. आपल्याकडे शिबे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पाठी-छातीवर फिकट चट्टे उठवणाऱ्या मॅलेसेझिया नावाच्या बुरशीचा अभ्यास रोममधील संशोधक करत असताना, चट्ट्यांच्या जागी रंग का फिकट होतो या प्रश्नाचा मागोवा घेता घेता नऊ कार्बनांची साखळी असलेले हे आम्ल त्यांच्या हाती लागले. मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला ते अडवते, जीवाणूला आवर घालते, अस्तरातील पेशींचे चिकटणे कमी करते आणि दाहही उतरवते; म्हणजे पुटकुळी आणि तिचा डाग या दोहोंवर एकच द्रव्य चालते. मुरमांसाठी त्याचे २० टक्क्यांचे क्रीम वापरले जाते आणि गरोदरपणातही ते सुरक्षित पर्यायांत गणले जाते. सुरुवातीला थोडी खाज आणि चुणचुण होते, गुण संथपणे येतो. पण डागांची चिंता ज्यांना अधिक आहे अशा प्रौढ स्त्रियांसाठी त्याचा विचार पहिल्या काही पर्यायांत व्हायला हवा.

सॅलिसिलिक आम्ल, अर्धा ते दोन टक्के, हे तेलात मिसळणारे असल्यामुळे रोमकूपात शिरते आणि बोळा थोडा सैल करते; सौम्य मुरमांना ते चालते, मात्र फेसवॉशमध्ये ते अर्ध्या मिनिटात धुतले जाते हे ध्यानात घ्यावे. नायासिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप, ४ टक्के प्रमाणात १ टक्का क्लिंडामायसिनच्या तोडीस तोड ठरल्याचा आठ आठवड्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. टी ट्री तेलाच्या ५ टक्के जेलची ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडशी तुलना १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झाली. दोहोंनी गुण आला, तेलाचा संथपणे आला आणि त्रास कमी झाला. ही द्रव्ये सहायक म्हणून चांगली. मुख्य भार त्यांच्यावर टाकू नये. २०२० मध्ये मान्यता मिळालेले क्लॅस्कोटेरोन हे ग्रंथीतच अँड्रोजेनला अडवणारे पहिले बाह्य औषध असून साखळीच्या पहिल्या कडीवर ते काम करते, म्हणून त्याची नोंद घेतली पाहिजे. कुष्ठरोगावरील औषध म्हणून महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेले डॅप्सोनही २००५ मध्ये अमेरिकेत मुरमांवरचे जेल म्हणून मान्य झाले, हे येथे जाता जाता सांगण्यासारखे.

घरगुती उपायांबद्दल तुच्छतेने बोलण्याचे कारण नाही, परंतु त्यांना वरच्याच दोन कसोट्या लावाव्या लागतात. सहाणेवर दुधात उगाळलेल्या जायफळाचा ठिपका लावून झोपणे ही कित्येक मराठी घरांतील रीत आहे. त्यात अडचण अशी, की प्रत्येक वेळी जायफळ किती उगाळले, त्यातले काय त्वचेत उतरले, याला माप नाही, आणि ठिपका पुन्हा दिसणाऱ्या पुटकुळीवरच लावला जातो. लिंबाचा रस मात्र निक्षून टाळावा: तो तीव्र आम्लधर्मी असतो, आणि लिंबातील फ्युरोकुमॅरिन नावाची द्रव्ये उन्हाशी संयोग होताच त्वचा भाजल्यासारखी करून गडद काळे पट्टे उठवतात. टूथपेस्ट लावण्याची क्लृप्तीही त्याच मोलाची, कारण तिच्यातील फेस आणणारी आणि चव देणारी द्रव्ये चेहऱ्याच्या त्वचेसाठी बनवलेलीच नसतात. डोक्याला चोपडलेले खोबरेल कपाळावर ओघळत असेल तर केसांच्या कडेने बारीक टिपक्यांची रांग उठते. तेथे औषध बदलण्याआधी तेल लावण्याची पद्धत बदलून पाहावी.

सर्वांत मोठा अपाय मात्र घरातल्या सहाणेवरून होत नाही, तो दुकानाच्या काउंटरवरून होतो. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइडे दाह विलक्षण वेगाने दाबतात. ती असलेले मलम लावताच दोन-तीन दिवसांत लाली नाहीशी होते, चेहरा उजळ दिसू लागतो आणि लावणाऱ्याला वाटते की अखेर खरे औषध सापडले. बोळा तसाच असतो, जीवाणूला आवर घालणारी प्रतिकारशक्ती तेवढी झोपलेली असते. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते, नवे एकसारखे मुरूम उठतात, आणि मलम बंद केले की चेहरा भडकून पेटल्यासारखा होतो, म्हणून माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले, एवढी ती आपल्याकडे सर्रास आहे. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण डाग घालवण्यासाठी क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ मध्ये मांडले, ते देखरेखीखाली आणि थोड्या काळासाठी. त्याच सूत्राच्या वंशजांना आपल्या बाजाराने गोरेपणाचे क्रीम करून टाकले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची 'एच'च्या कक्षेत आणून चिठ्ठीविना विक्रीला प्रतिबंध केला. तरीही ट्यूबवर '-सोन' किंवा '-सोल' असा शेवट असलेले नाव दिसले, तर ते मुरमांसाठी लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे, ही काळजी ज्याची त्यानेच घ्यावयाची आहे.

सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचे वाचन थोडे निराळे असते, कारण त्यांवर टक्केवारी छापलेली असेलच असे नाही. भारतातील २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणात छापावे लागतात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने छापता येतात. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक सहसा एक टक्क्यापर्यंतच घातले जाते. तेव्हा ज्या घटकाच्या नावाने बाटली विकली जात आहे, तो यादीत फिनॉक्सिइथेनॉलच्या नंतर आला असेल, तर त्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असण्याची दाट शक्यता आहे, आणि ४ टक्क्यांवर अभ्यासलेल्या नायासिनामाइडच्या बाबतीत ही खूण पुरेशी बोलकी आहे.

कोणतेही मलम निवडण्याआधी विकार मुरमांचाच आहे याची खात्री हवी. कपाळावर, छातीवर आणि पाठीवर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या दमट हवेत उठत असतील तर त्यामागे पूर्वोक्त मॅलेसेझिया असू शकते. तेथे प्रतिजैविकाने बुरशीचे आणखीच फावते आणि बुरशीनाशक द्यावे लागते. खोल, ठणकणाऱ्या गाठी, खड्डे पाडणारे व्रण, किंवा पाळीची अनियमितता व चेहऱ्यावरची दाट लव यांच्या जोडीने आलेले मुरूम हे बाह्य औषधांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तेथे वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण पडलेला खड्डा कोणत्याही जेलने भरून येत नाही.

घटक योग्य निवडला तरी लावण्याची रीत चुकली तर तो फुकट जातो, आणि रेटिनॉइडांच्या बाबतीत हे सर्वाधिक घडते. चेहरा सौम्य साबणाने धुऊन, टिपून, पूर्ण कोरडा होऊ द्यावा. मग वाटाण्याएवढे जेल घेऊन त्याचे कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी असे ठिपके करावेत आणि डोळ्यांच्या व ओठांच्या कडा सोडून ते सर्व चेहऱ्यावर पसरावे, केवळ पुटकुळ्यांवर नव्हे. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावावे, वरून साधे मॉइश्चरायझर लावावे आणि दिवसा सनस्क्रीन चुकवू नये, कारण उन्हाने डाग गडद होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सालपटे निघत असतात, काही नव्या पुटकुळ्याही डोके वर काढतात, आणि नेमक्या याच वेळी बहुतेक ट्यूब कपाटाच्या मागच्या कप्प्यात जाऊन पडतात. खरा गुण बाराव्या आठवड्याच्या सुमारास मोजायचा असतो. वाटाण्याएवढे जेल म्हणजे साधारण पाव ग्रॅम. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशा सुमारे साठ रात्री बसतात, आणि सुरुवातीच्या एक दिवसाआडच्या रात्री वजा केल्या तर बारा आठवड्यांना एक पूर्ण ट्यूब आणि दुसरीचा थोडा भाग लागतो. पहिली ट्यूब पंधरा दिवसांत संपली असेल तर जेल जास्त लागते आहे; आणि तीन महिन्यांनंतरही ती अर्धी शिल्लक असेल, तर औषध अजून नीट लावूनच पाहिलेले नाही.